नसलेल्या पेशी

फोन शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा गोपिका पराते मैदानावर मुलींना खो-खो शिकवत होती. फोन तिच्यासाठीच होता, पण ती जागेवर नव्हती म्हणून निरोप क्लार्कने घेतला. क्लार्क तो मुख्याध्यापिका कौशल्या मॅडमना सांगायला स्टाफरूममध्ये गेला, तर तिथे अर्धा स्टाफ डबे उघडून बसलेला. त्याने सगळ्यांसमोरच सांगून टाकलं. पराते मॅडमच्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशीच नाहीत, त्यांना ताबडतोब संशोधन केंद्रात पाठवा, आणि येण्याआधी एचआयव्हीची तपासणी करून यायला सांगा.

गोपिका घामाने निथळत आत आली आणि नेहमीसारखी माठाकडे वळली. गणिताच्या मॅडम घाईने उठल्या. "तुम्ही राहू द्या पराते मॅडम, मी देते," म्हणाल्या आणि कपाटातून कागदी ग्लास काढून त्यात पाणी ओतून दिलं. गोपिकाला नवल वाटलं. आभार मानून ती पाणी प्यायली. कौशल्या मॅडमनी केबिनमध्ये बोलावून निरोप सांगितला, तेव्हा कुठे तिला तो कागदी ग्लास कळला.

महिन्याभरापूर्वी त्या संशोधन केंद्राचे प्रमुख, डॉ. विहंग, स्वतः शाळेत आले होते. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी शिक्षकांना सांगितलं होतं की रक्तातल्या सगळ्या पांढऱ्या पेशी सारख्या नसतात. प्रत्येक प्रकारच्या पेशीच्या अंगावर निरनिराळे रिसेप्टर असतात, म्हणजे बाहेरचं काही ओळखणारे, धरून ठेवणारे रेणू. मदतनीस टी-पेशींवर सीडी-फोर नावाचा रेणू, मारक टी-पेशींवर सीडी-एट, बी-पेशींवर आणखी वेगळे. कुठे दाट, कुठे विरळ. आणि तोच रेणू माणसामाणसांतही थोडाफार बदलतो.

"पुस्तकातले आकडे बाहेरच्या देशातल्या लोकांच्या रक्तावरून काढलेले आहेत," डॉ. विहंग म्हणाले होते. "विदर्भातल्या धडधाकट माणसाचं रक्त कसं असतं, हे कोणी नीट पाहिलेलंच नाही. मला हे फरक बघायचे आहेत."

गोपिकाला ते फार आवडलं होतं. ती मूळची उमरेडची, विणकराच्या घरातली. लग्न होऊन तांडापेठेत आली तेही विणकरांचंच घर, फक्त माग कधीचे विकले गेलेले आणि नवरा कृष्णकांत कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आपल्यासारख्यांचं रक्त पुस्तकात जाणार, या विचाराने तिने सगळ्यात आधी बाही वर केली होती. संपर्कासाठी शाळेचा नंबर दिला, कारण मैदानावर मोबाइल जवळ नसतो.

आता सरकारी दवाखान्यात केलेल्या तपासणीचा कागद घेऊन ती डॉ. विहंगच्या समोर बसली होती. एचआयव्ही निगेटिव्ह आलं होतं.

"निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नसतं," ते कागद बाजूला सारत म्हणाले. "सुरुवातीच्या काळात कधी कधी ते सापडत नाही. महिन्याने परत करा. आणि एचआयव्ही नसतानाही काही लोकांच्या सीडी-फोर पेशी जातात. तुमच्या तर शून्य आहेत. शून्य म्हणजे शून्य."

"पण सर, मला काहीच होत नाही. मी रोज सकाळी रेशीमबागेच्या मैदानावर धावते. मागच्या महिन्यात गुडघा फुटला होता, तो आपोआप भरला. शून्य पेशी असत्या तर काहीतरी झालं नसतं का?"

"अजून झालं नाही," डॉ. विहंग म्हणाले.

संसर्ग होऊ नये म्हणून त्यांनी रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. गोपिका निघताना दारात थांबली.

"सर, फोनवर हे क्लार्कला काहून सांगितलं?"

"आमच्या कोऑर्डिनेटरने केला होता फोन. तुम्ही दिलेल्या नंबरवरच केला."

बाहेर उन्हात स्कूटीवर बसल्यावर तिच्या डोक्यात ते एकच फिरत राहिलं. अजून झालं नाही. म्हणजे हा माणूस वाट पाहून राहिला.

शाळेत दुसऱ्या दिवसापासून गोष्ट मैदानावर पोचली. मुली धावायला लांबच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. एका मुलीचं ढोपर खरचटलं, गोपिका पट्टी घेऊन वाकली, तर पोरीने पाय मागे घेतला आणि म्हणाली, "आई म्हणे, पराते मॅडमकडून लावून घेऊ नको." ती मुलगी उद्धट नव्हती. रडवेली होऊन सांगत होती. गोपिकाने पट्टी तिच्या हातात दिली.

आठवड्याच्या शेवटी कौशल्या मॅडमनी तिला रजेवर जायला सांगितलं.

"माझ्याकडे एचआयव्हीचा निगेटिव्ह रिपोर्ट आहे, मॅडम."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण पालकांचे फोन येऊन राहिले. मुलींना खेळताना लागतं, रक्त येतं. डॉक्टरांनी फिट आहात असं लिहून दिलं की या ना परत."

"मी आजारी आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं का? ते तर फोनवर चाललं तुम्हाला."

कौशल्या मॅडमनी समोरचा पेपरवेट इकडून तिकडे ठेवला.

गोपिकाने स्वतःहून रामदासपेठेतल्या दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. तिथेही तेच आलं. सीडी-फोर शून्य. डॉ. विहंगना तिने ते कळवलं, तेव्हा ते फोनवर शांतपणे म्हणाले, "बघा, मी काय सांगत होतो." त्यांच्या आवाजात समाधान होतं, आणि गोपिकाला फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

त्या संध्याकाळी कृष्णकांत ड्युटीवरून आला, हातपाय धुतले, जेवला, आणि भांडी घासून होईपर्यंत ओट्याजवळ उभा राहिला. सोळा वर्षांच्या संसारात तो असा कधी उभा राहिला नव्हता.

"गोपिका, काही सांगाचं राहिलं असन तं सांगून टाक. मी रागावणार नाई."

तिने नळ बंद केला.

"काय सांगू तुमाले? जे मलेच ठाऊक नाई, ते सांगू?"

"तसं नाई वं. दोन लॅब खोटं काहून सांगतीन?"

"आन मी काहून सांगीन? तुमची नाइट असते महिन्यातून दहा दिवस. मी कधी इचारलं का, कुठं होते म्हणून?"

तो दोन दिवसांनी स्वतःची तपासणी करून आला. निगेटिव्ह. तो कागद त्याने तिच्यासमोर धरला. तिला बरं वाटेल असं त्याला मनापासून वाटत होतं. गोपिकाने कागद वाचला आणि त्याला परत दिला. तपासायला गेला, म्हणजे मनात आलंच होतं. त्यानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

गोळ्यांनी तिच्या अंगावर पुरळ उठलं. आधी हातावर, मग पाठीवर, मग गळ्यापर्यंत लाल चट्टे. खाजवून रक्त येऊ लागलं. शेजारणीने ते पाहिलं आणि गल्लीत जाऊन सांगितलं की रोग आता बाहेर पडायला लागला. तेव्हा गोपिकाने गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरली आणि ती डॉ. विहंगच्या टेबलावर टाकायची म्हणून थेट केंद्रात गेली.

डॉ. विहंग परिषदेसाठी परगावी गेले होते. रिसेप्शनवरच्या मुलाशी तिचा आवाज चढला, तसा आतून पांढरा कोट घातलेली एक तरुण बाई बाहेर आली. डॉ. दीप्ती. केंद्रात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिने गोपिकाचे हात पाहिले, गळा पाहिला, आणि तिला आत नेऊन दार लावून घेतलं.

"या गोळ्या आजपासून बंद. अशी अ‍ॅलर्जी वाढली तर जिवावर बेतू शकतं," दीप्ती म्हणाली. "आणि बसा. तुमचा रिपोर्ट मी पाहिलाय. मला तो पटत नाही."

गोपिका बसली.

"तुमच्या एकूण टी-पेशी अगदी व्यवस्थित आहेत. त्यातल्या सीडी-एटवाल्या मारक पेशी काढल्या, तर निम्म्याहून जास्त उरतात. त्या उरलेल्या कोणत्या? मदतनीस पेशी खरंच मेल्या असत्या, तर एकूण आकडा कमी व्हायला हवा होता. तो झालेलाच नाही."

"मग त्या कोणत्या आहेत?"

"मला वाटतं, त्या मदतनीस पेशीच आहेत. आमच्या यंत्राला त्या दिसत नाहीत." दीप्ती जरा पुढे सरकली. "पेशीवर सीडी-फोर आहे का, हे यंत्राला आपोआप कळत नाही. आम्ही रक्तात एक अँटिबॉडी टाकतो. तिला चमकणारा रंग लावलेला असतो. ती सीडी-फोरच्या एका ठरावीक भागाला चिकटते. चिकटली की पेशी चमकते, यंत्र मोजतं. पण काही लोकांत सीडी-फोरचा नेमका तेवढाच भाग जन्मापासून जरासा वेगळा असतो. काम तो चोख करतो. फक्त ती अँटिबॉडी त्याला चिकटत नाही. मग यंत्र म्हणतं, शून्य."

"दुसऱ्या लॅबमध्ये पण शून्य आलं."

"मी चौकशी केली. ते पण हीच अँटिबॉडी वापरतात."

"हे तुम्हाला कधी सुचलं?"

दीप्तीची मान खाली गेली. "रिपोर्ट आला त्याच आठवड्यात. सरांना बोलले होते. ते म्हणाले, असले प्रकार लाखात एक, दुसऱ्या लॅबचं पण तेच आलंय, वेळ घालवू नकोस. मी वेगळ्या भागाला चिकटणारी अँटिबॉडी मागवली, ती कालच आली. तुम्हाला मी आधीच फोन करायला हवा होता."

"हो, करायला पाहिजे होता," गोपिका म्हणाली. आवाज तिने चढवला नाही, पण सोडलंही नाही. "त्या आठवड्यात केला असता, तर या गोळ्या मी गिळल्या नसत्या."

"खरं आहे."

"आता यात पण शून्य आलं तर?"

"तर ते मी तुम्हाला सांगेन. शाळेला नाही."

गोपिकाने बाही वर केली. रक्त देऊन ती घरी गेली नाही. यंत्र चालेपर्यंत तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. दीप्तीने आत बोलावलं तेव्हा पडद्यावर शेजारी शेजारी दोन चित्रं होती. पहिल्यात उजवी बाजू रिकामी, पांढरी. दुसऱ्यात त्याच जागी ठिपक्यांचा गच्च ढग.

"रक्त तुमचंच, आजचंच, दोन्हीकडे. इकडे जुनी अँटिबॉडी, इकडे नवी. या सगळ्या तुमच्या मदतनीस पेशी. माझ्या असतील तेवढ्याच आहेत, एखादवेळी जास्तच."

"म्हणजे त्या होत्या."

"होत्या. कायम होत्या."

आपल्याला रडू येईल असं गोपिकाला वाटलं होतं. आला तो संताप. ज्या गोष्टीसाठी पोरी तिच्यापासून पाय मागे घेत होत्या, नवरा ओट्याजवळ उभा राहिला होता, ती गोष्ट मुळात नव्हतीच. आणि ती नव्हती हे बघायला ज्याला एक दुपार लागली असती, त्या माणसाला वेळ नव्हता.

डॉ. विहंग परत आल्यावर त्यांनी स्वतः फोन करून तिला बोलावलं, या वेळी तिच्या मोबाइलवर. ती गेली तेव्हा ते खुर्चीतून उठून सामोरे आले.

"पराते मॅडम, अभिनंदन. फार दुर्मिळ केस आहे तुमची. आपल्या भागातून असं कोणी नोंदवल्याचं मला माहीत नाही. हे दोन्हीकडून येतं, आईकडून आणि वडिलांकडून. तुमच्या उमरेडच्या घरच्यांचं रक्त मिळालं तर फार छान पेपर होईल."

त्यांनी चहा सांगितला. दीप्ती कोपऱ्यात उभी होती.

"सर, तुम्ही शाळेत आले तेव्हा म्हणाले होते, मला फरक बघायचे आहेत," गोपिका म्हणाली. "मग माझ्यात फरक दिसला, तर मी आजारी कशी झाले?"

"त्या वेळी हाताशी जी माहिती होती, त्यावरून..."

"या मॅडमनी सांगितली होती ना माहिती तुम्हाला?"

डॉ. विहंगनी दीप्तीकडे पाहिलं, मग चष्मा काढून पुसला. "हे बघा, झालं ते वाईटच झालं. मी शाळेला मेल पाठवतो. क्लिनिकली काही दोष नाही, असं स्पष्ट लिहितो."

"मेल कौशल्या मॅडम वाचतीन आन बंद करतीन. तो फोन साऱ्या स्टाफनं ऐकला होता." शाळेतली नरम भाषा आता तिच्या तोंडची सुटली होती. "तुमी या. स्टाफरूममध्ये, डबे खायच्या वेळेले. आन तोंडानं सांगा. तोवर माह्या मायच्या रक्ताचं नाव काढू नका."

चहा आला. तिने घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात डॉ. विहंग आले. ते कशासाठी आले हे गोपिकाला पक्कं ठाऊक होतं. त्यांना उमरेडचं रक्त हवं होतं. तरी तिला ते चाललं. स्टाफरूममध्ये खुर्च्या कमी पडल्या, क्लार्कसुद्धा दाराशी येऊन उभा राहिला. डॉ. विहंग बोलू लागले. अँटिबॉडी, एपिटोप, पॉलिमॉर्फिझम, क्लिनिकली इनसिग्निफिकंट. माना हलत होत्या आणि कोणाला काही कळत नव्हतं.

"सर," गोपिका मधेच म्हणाली, "मराठीत सांगा. फोन मराठीत आला होता."

ते थांबले.

"पराते मॅडम निरोगी आहेत," डॉ. विहंग म्हणाले. "आधीपासून निरोगीच होत्या. त्यांच्या पेशी पूर्ण आहेत. चूक आमच्या तपासणीची होती. आणि तो फोन इथे करायला नको होता, ती पण आमचीच चूक."

कौशल्या मॅडम लगेच म्हणाल्या, "आम्ही तर मुलींसाठीच केलं जे केलं. सोमवारपासून या हं मॅडम." कोणीतरी टाळी वाजवली, ती एकटीच वाजली आणि थांबली. गणिताच्या मॅडमनी आपल्या डब्यातली पाटवडी पुढे केली. गोपिकाने नको म्हटलं. सोमवारी ती मैदानावर गेली, पण स्टाफरूममध्ये बसणं तिने सोडलं. मुली हळूहळू जवळ आल्या. मोठ्या माणसांना जास्त वेळ लागला, आणि काहींनी तर जणू काही घडलंच नव्हतं असं वागायला सुरुवात केली. तिला त्यांचाच सगळ्यात जास्त राग येई.

कृष्णकांतने एकदा जेवताना विचारलं, "अजून राग हाये का वं?"

"हाये," ती म्हणाली.

"राहू दे मंग," तो म्हणाला, आणि त्याने तिच्या ताटात भाजी वाढली. ते तिला बरं वाटलं. राग सोड असं तरी तो म्हणाला नव्हता.

उमरेडला दीप्ती गेली ती गोपिकाच्या अटींवर. डॉ. विहंग येणार नाहीत, आणि केंद्रात यापुढे कोणाचं सीडी-फोर शून्य आलं तर दुसऱ्या अँटिबॉडीने बघितल्याशिवाय त्या माणसाला काही सांगायचं नाही. दीप्तीने ते डॉ. विहंगकडून कबूल करून घेतलं होतं. गोपिकाची आई जनाबाई ओसरीवर बसली होती. हात पुढे करत ती दीप्तीला म्हणाली, "रगत पायजे तं घे बाई. पण माह्या पोरीले गावभर बदनाम काहून केलं, ते पयले सांग."

"चुकलं आजी आमचं."

"चुकलं तं दिसूनच राहिलं. मी काहून इचारलं."

दीप्तीने सुई टोचली. जनाबाईच्या पेशी जुन्या अँटिबॉडीने अर्ध्याच तेजाने उजळल्या. सीडी-फोरची एक प्रत सगळ्यांसारखी, एक वेगळी. गोपिकाच्या वडिलांची पण तशीच असणार; ते आता नव्हते. दोघांची वेगळी प्रत नेमकी गोपिकाच्या वाट्याला आली होती.

या सगळ्यानंतर दीप्तीला चैन पडेना. तिने आजूबाजूच्या लॅबना फोन करून विचारायला सुरुवात केली, एकूण टी-पेशी चांगल्या आणि सीडी-फोर शून्य असं कोणाचं पाहिलंय का. बहुतेकांनी नीट उत्तरही दिलं नाही. एका लॅबवाल्याला सावनेरकडचा एक माणूस आठवला. त्याने त्या माणसाला विचारून, मगच त्याचा नंबर दिला.

त्याचं नाव नत्थूजी. कोळसा खाणीत ठेकेदाराकडे कामाला होता. चार वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला तेव्हा दवाखान्यात कोणीतरी ही तपासणी करायला लावली होती. दीप्तीने त्याचं रक्त मागवून नव्या अँटिबॉडीने पाहिलं, तर त्याच्याही पेशी पूर्ण होत्या. मग तिने गोपिकाला फोन केला.

"मी सांगायला चाललेय. तुम्ही याल का? मला एकटीला जमणार नाही."

रविवारी दोघी सावनेरच्या बसने गेल्या. नत्थूजीचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं. पन्नाशीचा, हाडं मजबूत, आवाज मात्र बसलेला. घरात तो एकटाच होता. बायको माहेरी गेली ती परत आली नव्हती. ठेकेदाराने तेव्हाच कामावरून काढलं होतं. कोनाड्यात गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचलेली होती, तीच पाकिटं. गोपिकाने ओळखली.

दीप्तीने सावकाश, साध्या शब्दांत सगळं सांगितलं. ती थांबल्यावर त्याने गोपिकाकडे पाहिलं, कारण तिलाही हेच झालं होतं असं त्याला सांगितलं होतं.

"ताई, मंग मले काही झालंच नोतं?"

"नाई भाऊ. त्या न्यूमोनियाशिवाय काही नाई."

"माही बायको गेली, ते?"

त्याने कोनाड्यातलं एक पाकीट उचललं.

"मी चार वर्ष ह्या गोळ्या कायच्या खाऊन राहिलो मंग?"

गोपिकाने बाजेवरून उठून त्याच्याजवळ जमिनीवर बैठक मारली.

"भाऊ, त्या ठेकेदाराचं हापिस कुठं हाये?" ती म्हणाली. "उद्या मी शाळेतून सुट्टी घेतो. ह्या मॅडम पण येतीन. जे तुम्हाले सांगितलं, ते त्याले सांगू, त्याच्या साऱ्या माणसांसमोर. मंग तुमच्या बायकोच्या माहेरी जाऊ."

नत्थूजी उठला आणि शर्ट बदलायला आत गेला.

"उद्या कायले?" आतून त्याचा आवाज आला. "माहेर इथून जवळच हाये. तिथं आजच जाऊ."